मशीनचं कुलूप कोणी उघडलं

मी, फर्निचर कारखान्याच्या मालकांची सून, वय ३६ वर्षे, धंदा – त्याच कारखान्यात पॉलिश व बिलांचे काम, राहणार – कारखान्याच्या वरचा मजला, समक्ष ठाण्यात हजर राहून जबाब देते की, मला कोणी बोलावलेले नाही. काल माझ्या पतींनी इथे जो जबाब दिला तो खरा नाही, म्हणून मी स्वतःहून आले आहे.

कारखान्यात आम्ही चौघे असतो. सासरे, म्हणजे बाबा, गिऱ्हाईक सांभाळतात. लाकूडकाम माझे पती आणि जुने मिस्त्री करतात. परवा दुपारी लाकूड तासण्याच्या रंधा मशीनमध्ये मिस्त्रींचा उजवा हात गेला. डॉक्टरांना तो मनगटापासून काढावा लागला. "मशीनची वीज चालू ठेवून मी निघून गेलो," असे माझ्या पतींनी लिहून दिले आहे. मशीन त्यांनी बंद केले होते.

माझ्या पतींना एडीएचडी आहे. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तपासणीत कळले. डॉक्टरांनी सांगितले की हा आळस नाही आणि बेफिकिरीही नाही, यांचे लक्ष एका जागी ठरत नाही. आमच्या घरात नळ चालू राहतो, दूध उतू जाते, आणि साबण आणायला गेलेला माणूस स्क्रूची पुडी घेऊन हसत परत येतो. पहिली काही वर्षे मी घसा बसेपर्यंत ओरडले. मग शिकले. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, समोर उभे राहून सांगायची आणि त्यांच्या तोंडून परत वदवून घ्यायची. गोळी चहाच्या कपाखाली ठेवायची. बाबांचे म्हणणे असे की, "आमच्या वेळी या आजाराला एकच औषध होतं, आणि ते फुकट मिळायचं."

मशीनची शिस्त मात्र पतींची स्वतःची. मशीनमध्ये कोणाचाही हात जाणार असेल तर आधी भिंतीवरच्या बोर्डाचा खटका खाली ओढायचा, त्याला कुलूप घालायचे आणि किल्ली दोरीने गळ्यात अडकवायची. हात बाहेर आलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती गळ्यातून काढायची नाही. "माझ्या डोक्याचा भरवसा नाही, गळ्याचा आहे," असे ते म्हणत. ही शिस्त त्यांनी एकदाही मोडलेली नाही. बाबा म्हणायचे, "आता गळ्यात नावपत्त्याची पाटी अडकवायची तेवढी राहिली." कुलपाची दुसरी किल्ली बाबांनी स्वतःच्या जुडग्यात ठेवली होती. हा कुलूप लावून कुठेतरी भटकेल आणि काम अडेल, याचं पुढचं पाठ मागचं सपाट, असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले होते.

परवा जेवणानंतर मशीनमध्ये भुसा अडकून ते थांबले. मी काचेमागच्या खोलीत बिले करत होते. पतींनी खटका ओढला, कुलूप लावले, ओढून बघितले व किल्ली गळ्यात घातली. मी पाहिले, कारण मी नेहमीच पाहते. मिस्त्री मशीनपलीकडे खाली बसून आत हात घालून भुसा काढू लागले. भुसा घट्ट बसला होता म्हणून पती पुढच्या अंगणात सळई आणायला गेले. ते लगेच परतले नाहीत. फाटकाची बिजागरी लोंबताना दिसली आणि ते ती बसवत बसले. हे मी लपवत नाही.

तेवढ्यात मागच्या दाराने बाबा आले. कानाला फोन होता, टेबल आजच मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते मोठ्या आवाजात समजावत होते. मिस्त्री बाबांना दिसले नसावेत. बोर्डावरचे कुलूप दिसले. "विसरला! कुलूप काढायचंच विसरला! या पोरानं एक दिवस सुखाचा दाखवला नाही," असे ते फोनवरच्या माणसाला म्हणाले. त्यांनी जुडगा काढला, कुलूप उघडले आणि खटका वर केला. मी काचेवर दोन्ही हात मारले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, तोवर मशीन सुरू झाले होते.

विचारल्यावरून सांगते की, बाबांनी हे मुद्दाम केलेले नाही. कुलूप म्हणजे आत हात आहे, हे त्यांनाही माहीत होते. पण आपला मुलगा एखादी गोष्ट आठवणीने करेल, हे त्यांच्या मनात आलेच नाही. नावडतीचे मीठ अळणी. मला बाबांचा राग आहे, तोही लिहावा.

मिस्त्रींचा आवाज ऐकून पती धावत आले. त्यांनी अंगातला शर्ट काढून मिस्त्रींच्या दंडाला बांधला आणि इस्पितळात पोहोचेपर्यंत ती गाठ हाताने दाबून धरली. किल्ली तेव्हाही त्यांच्या उघड्या गळ्यात होती. ती दोरीसह मी आज जमा केली आहे. मिस्त्रींची बोर्डाकडे पाठ होती आणि इतक्या वर्षांच्या मशीनच्या आवाजाने त्यांना ऐकूही कमी येते, म्हणून खटका कोणी वर केला ते त्यांना माहीत नाही.

इस्पितळात हवालदारांनी विचारले तेव्हा बाबा म्हणाले, "चालू टाकून गेला असणार. लहानपणापासून असाच आहे." पतींनी होकाराची मान डोलावली. घरी आल्यावर मी त्यांना विचारले, "अहो, कुलूप तुम्ही लावलं होतं ना?" ते म्हणाले, "लावलं असं वाटतंय गं. पण मला आयुष्यभर असंच वाटत आलंय." मी पाहिलेले सर्व त्यांना सांगितले. ते ऐकत होते, पण तुला माझी दया येते म्हणून तू असं बोलतेस, असे म्हणाले. काल मला न सांगता ते इथे आले.

आज निघताना सासूबाई दारात आडव्या झाल्या. "यांना या वयात कोर्टाची पायरी चढायला लावणार का तू? त्यानं कबूल केलंय ना? त्याला बोलणी खायची सवय आहे, यांना नाही." मी म्हणाले, चोर सोडून संन्याशाला फाशी. साहेब, तुम्ही हे वाक्य जबाबात बसत नाही म्हणालात, पण मला ते हवे आहे.

आमची मुलगी सात वर्षांची आहे. काल संध्याकाळी पतींनी मला सांगितले, "छोटीला माझ्याजवळ एकटं ठेवू नकोस." ती वडिलांच्या पाठीवर बसून मोठी झाली आहे. आज सकाळी ती त्यांच्याकडे वेणी घालून घ्यायला गेली तेव्हा त्यांनी हात मागे घेतले. मिस्त्रींचा हात परत येणार नाही हे मला समजते. माझ्या नवऱ्याचे हात मला परत पाहिजेत, त्यासाठी मी आले आहे.

जबाब मला वाचून दाखवला. कुलपाचा मजकूर दार उघडे ठेवून पुन्हा मोठ्याने वाचावा अशी मी विनंती केली, कारण पती माझ्या मागोमाग येऊन बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी तो ऐकला. आत येऊन म्हणाले, "साहेब, हिला मला वाचवायचंय. बाबा असं करणार नाहीत. माझ्याकडूनच राहिलं असेल." हे त्यांचे शब्द माझ्या सांगण्यावरून इथे उतरवले आहेत. ते खरे नाहीत. बाकी मी पाहिले तसेच लिहिले आहे, म्हणून सही करते.