पर्याय शून्य

...आणि वर मलाच विचारतात, "काकू, फॉर्म तुम्हीच भरलात ना?" अहो भरला! पण छापला कोणी?

तुम्हाला सांगते, आमच्या समोरच्या हव्वाबीची लेक नशरा पुण्यात, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, इथे रोडपालीला व्हायचं, पण डॉक्टरीण म्हणाली, घाटात अडकलात तर बाळंतपण काय टोलनाक्यावर करणार? मग माहेरानंच तिकडे जायचं ठरलं. पण जायचं कसं? इथून थेट बस नाही. हायवेवर उभं राहून हात करायचा, आणि ड्रायव्हर असा बघतो जसं काही आपण त्याचं लग्न मोडलंय... पर्याय काय? पर्याय नाही.

तेवढ्यात सोसायटीच्या हॉलमध्ये सभा लागली, घाटरस्त्याचे पर्याय ठरवायची. आराखडेवाला साहेब पुण्याहून अकराला यायचा तो उगवला दोनला. का? घाटात अडकला! आणि तोंड उघडून पहिलं काय बोलावं, तर "घाटात वाहनांची संख्या जास्त आहे, असं आमच्या अभ्यासात आढळलंय." अभ्यासात! अरे बाबा, तुझ्या घामेजलेल्या शर्टाकडे बघूनही आढळतंय.

मग फॉर्म वाटले. पर्याय एक, रोडपालीहून पुण्याला थेट बस. दोन, डोंगरावरून रोपवे. तीन, ट्रकना वेगळी वेळ. आणि सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरात... पर्याय शून्य : काहीही न करणे.

हव्वाबीचं पेन बसवर टेकलंच होतं, मी हात धरला. म्हटलं, अगं वर बघ, आपल्याला काहीही करावं लागणार नाही! उन्हात उभं राहायला नको, हात करायला नको, सगळं हे साहेबलोकच करणार. ती म्हणाली, "ताई, मला नुसती बस पुरे गं." पण मी ऐकते? तिचं भलंच करायचं होतं हो मला. तिचा भरला, शेजारच्या कुमारभावजींचा भरला, पाच मजले चढून साठ जणांच्या खुणा शून्यावर करून आणल्या. साहेब गठ्ठा घेताना काय गोड हसला मेला!

पंधरवड्याने सोसायटीच्या फलकावर कागद : 'रोडपालीकरांचा स्पष्ट कौल – काहीही न करणे.' तरातरा गेले साहेबाच्या इथल्या ऑफिसात. तिथली पोरगी चहा ढवळत म्हणते, "म्हणजे आहे ते तसंच ठेवायचं, काकू." मग विचारायला कशाला आलात? तर म्हणे शून्य छापावाच लागतो, नियम आहे, त्याला पर्याय नाही. घ्या!

आणि शुक्रवारी जावयाचा, फहादचा फोन. नशराला दवाखान्यात नेलंय. कुमारभावजींनी गाडी काढली, मागे मी, हव्वाबी आणि तिच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. खोपोली सोडली आणि घाटात पुढे द्रोणागिरीच्या गोदामातून निघालेला कंटेनर आडवा. एक तास... दोन तास... इंजिनं बंद करून लोक रस्त्यावर पत्ते खेळायला बसले.

फोन वाजला. मुलगी झाली. फहादने फोन बाळाजवळ धरला, आणि हव्वाबीने नातीचं पहिलं रडणं घाटात, ट्रकच्या मागे बसून ऐकलं. डोळे पुसले.

मला राहवेना. म्हटलं, हव्वाबी, उतरून चालूया का? काहीतरी करूया गं.

तिने डबा उघडला, बाळंतिणीचा लाडू माझ्या हातावर ठेवला.

"गप खा, ताई. साठ मतांनी निवडून आलंय, काहीही न करणे."