पासवर्ड साहेबांकडे

तुम्ही हसाल, पण साक्रीच्या आमच्या कचेरीत उशिरा येणारे लोक हजेरीसाठी कॉम्प्युटरचं घड्याळच मागे करायचे. म्हणून तारीख-वेळ बदलायचा पासवर्ड साहेबांनी स्वतःकडे ठेवला. एकदा साहेब धुळ्याला गेले आणि कॉम्प्युटरची आतली बॅटरी संपून तारीख थेट १९८० सालावर गेली. समोर सुमनअक्का, लेकीला घेऊन. कॉलेजप्रवेशाचा शेवटचा दिवस, आणि वयाचा दाखला हवा.

“अक्का, मुलगी ब्याऐंशीची. कॉम्प्युटर म्हणतो, अजून जन्मलीच नाही.”

“मंग हाई उभी कोन शे, भाऊ?”

मी साहेबांना फोन लावला. “पासवर्ड दिला तर उद्यापासून पुन्हा सगळे अकराला येऊन दहाच्या वेळेवर!” साहेब म्हणाले.

अक्कानं रिसीव्हर ओढला. “साहेब, मनी पोरले जलमू तं द्या!”

साहेब हसले आणि पासवर्ड दिला. सव्वाचारला पोरगी जन्मली, पाचच्या आत कॉलेजात गेली.