भट्टीवरचा हिरवा पुडा

...आणि वर मलाच विचारतात, "पण सायटेशन किती?" अहो, किती म्हणजे काय! मी काय बाजारात मेथी विकायला बसलेय, जुड्या मोजून सांगायला? तुम्हाला सांगते, उभी हयात गेली माझी तैवानातल्या या शिंचूच्या वाऱ्यात. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, नाक खाजवायची सोय नाही, आणि त्या एका भट्टीपुढे उभं राहून गॅलियम नायट्राइडचे स्फटिक वाढवायचे. अर्धवाहक हो, ज्याच्या चिपा बनतात तो! जरा आच हलली की पडली भेग, महिन्याची मेहनत पाण्यात. मग त्यावर लेख लिहायचा, आणि जगात कुणी स्वतःच्या लेखात आपला हवाला दिला की ते एक सायटेशन. मला किती मिळाली? जाऊ दे ना... त्यातली निम्मी माझी मीच दिलेली!

घरी तरी सुख? आमची आई, तांदळाच्या शेवया वाढता वाढता म्हणते, "शू-यी, शेजारच्या लिआओबाईंच्या जावयाची चार हजार आहेत म्हणे. तुझी गं?" अगं आई, चार हजार काय, ते तरी ठाऊक आहे का तुला? "नाही बाई. पण तुझी कमी आहेत ना? मग बंद कर की ते काम!" घ्या!

आणि तो आमचा डीन त्सेंग! माझाच विद्यार्थी, चिमटा धड धरता येत नव्हता मेल्याला. तो खुर्चीत रेलून म्हणतो, "पेंगबाई, तुमचं काम थोर! वादच नाही! पण सायटेशन किती? दोन वर्षांत आकडा हलला नाही, तर भट्टी भंगारात आणि खोली दुसऱ्यांना." भंगारात? माझी भट्टी? तिच्या घरघरीवरून मला कळतं आत काय चाललंय ते! वर अक्कल शिकवतो, "तुम्ही चार जणांचा हवाला द्या, ते तुमचा देतील. लग्नातल्या आहेरासारखं." म्हटलं, मेले तरी नाही!

मग काय, जीव ओतला आणि जन्मात जमला नव्हता असा स्फटिक काढला. लेख लिहिला, भट्टीचा फोटो टाकला. आता भट्टीवर काय होतं? हिरवा पुडा. तो आमच्याकडे कुठल्याही यंत्रावर असतोच, खोबऱ्याच्या चवीच्या मक्याच्या कुरकुऱ्यांचा. त्याच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', म्हणून यंत्र शहाण्यासारखं वागतं. हिरवाच हवा, लाल-पिवळा चालत नाही, कुणी खायचा नाही, आणि तारीख उलटली की ताबडतोब नवा. आमची जुई-फेन, भट्टी चालवते ती, ती म्हणायची, "बाई, हसा तुम्ही, पण हात लावू नका." मी हसायचेच. भौतिकशास्त्र शिकवते मी, हसू नको तर काय करू?

लेख छापून आला. सहा महिने चिडीचूप. मग जर्मनीतल्या एका गटाला माझा स्फटिक काही जमेना, तर त्यांनी गमतीने लिहिलं, "पेंग यांची कृती तंतोतंत पाळली. फक्त पहिल्या आकृतीतला हिरवा पुडा आमच्याकडे नव्हता." झालं! कोरियावाल्यांनी पुडा मागवला, आणि त्यांचा स्फटिक आला! त्यांनी ते छापलं. ब्राझीलमध्ये लाल पुडा ठेवला, भेग पडली. त्यांनीही छापलं! जो उठतो तो पुड्यासाठी माझा हवाला देतो, आणि माझ्या तापमानाच्या आलेखाबद्दल... एक अक्षर नाही हो, एक अक्षर!

डीन अननसाच्या केकचा डबा घेऊन धावत आला. "पेंगबाई! भट्टी इथेच राहणार! हात तर लावू दे कुणाला!" रडले मी, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी बघते तर पुड्यावर काचेची पेटी, पेटीला कुलूप. "हा मूळ पुडा. ऐतिहासिक! हा बदलायचा नाही."

जुई-फेन म्हणाली, "साहेब, मार्चमध्ये तारीख संपते."

"संपू दे की! याला सायटेशन आहेत!"

मार्च उलटला. जुई-फेनने हात जोडले. "बाई, शिळ्या पुड्याखाली मी भट्टी पेटवणार नाही." म्हटलं, अगं, हे विज्ञान आहे! "मग तुम्ही पेटवा." पेटवते की, घाबरते का काय! झगा चढवला, गेले, बटणावर बोट ठेवलं... सहज वर बघितलं... आणि आले परत! हसताय काय? तुम्ही दाबून दाखवा!

तेव्हापासून भट्टी गार. रोज फडक्याने पुसते, बसते. आकडा मात्र नुसता धावतोय. परवा आईने शेवया वाढताना विचारलंच, "सायटेशन किती?" जन्मात पहिल्यांदा ताठ मानेनं सांगितलं. लिआओबाईंच्या जावयाच्या पुढे गेलेय मी!

तर म्हणते कशी, "बघ! काम बंद केलंस तेव्हा कुठे वाढली. मी आधीपासून सांगत नव्हते?"