भाडेकरूची सही

दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंचे कान टवकारले गेले. समोरच्या बाकावर एक घरमालक काका आपल्याच भाडेकरणीपुढे अर्ज धरून बसले होते.

"सही करा, मॅडम. भाड्यानं दिलेल्या घराच्या कर्जव्याजावरची करसवलत सरकार काढून घेतंय. ती राहावी म्हणून हा अर्ज."

"अहो काका, सवलत तुमची आणि सही माझी?"

"मालकांच्या रडण्याला कोण भीक घालतं? भाडेकरूंचे हाल होतील म्हटलं, की ऐकतात."

"माझे कसले हाल?"

"भाडं वाढवावं लागेल ना मला!"

"आणि सवलत राहिली तर?"

"तरी वाढेलच. पण तेव्हा मला वाईट वाटेल."

"द्या पेन. सहीच्या वर एक ओळ लिहिते. सवलत राहिली, तर काका तीन वर्षं भाडं वाढवणार नाहीत."

"अहो, हा अर्ज सरकारकडे जायचाय!"

"मग सरकारच साक्षीदार. याहून मोठा कुठे मिळणार?"

काकांनी अर्ज ओढून घेतला आणि पुकारणाऱ्या बाईंकडे वळून मधाळ आवाजात विचारलं, "ताई, तुम्हीही भाड्यानंच राहता ना?"

"राहते की. ती ओळ मी लिहू, का तुम्हीच लिहून देता?"