भिंतीतली वटवाघळं

भिंतीच्या आतून आलेली ती चिरचिर मी अजून विसरलो नाही. रोह्याकडच्या एका गावात जुनं चर्च आहे, तिथली गोष्ट. मी जवळच्याच वरसे गावचा गवंडी. सण जवळ आला होता आणि छताखालच्या भेगेतली वटवाघळं बाकांवर घाण करत, म्हणून फादरांनी मला भेग बुजवायला सांगितली. मी भर दुपारी शिडीवर चढलो आणि गिलावा करून मोकळा झालो.

संध्याकाळी घंटा वाजवायला आलेली म्हातारी मारीबाय भिंतीला कान लावून ओरडली, "अरे गवंड्या, दिवसा ती घरीच झोपतात! चोरांना बाहेर ठेवायला गेलास नि घरच्यांनाच कोंडलंस!"

एवढे जीव माझ्या हातून मरणार होते.

"फादर, मला कळलं नाय ओ," ओरडा ऐकून आलेल्या फादरांना मी म्हणालो.

फादर रागावले नाहीत. त्यांनी शिडी धरली, मी ओला गिलावा फोडला. वटवाघळं भराभर बाहेर पडली आणि माझा जीव भांड्यात पडला.

"आता रिकामी हाय, लगेच बुजवतो," मी म्हणालो.

तेवढ्यात आतून बारीक आवाज आला.

"पिल्लं हायत रे," मारीबाय म्हणाली.

माझी ही चूक फादरांनी कधी कोणाला सांगितली नाही. पुढे चर्चचं प्रत्येक काम मलाच दिलं. देव त्यांचं भलं करो. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी माझ्या पायाजवळचं चुन्याचं घमेलं उचललं आणि भेग उघडीच ठेवून ते घेऊन गेले.