पुठ्ठा मी उलटा केला

आकुर्डी-भोसरीच्या गॅरेजवाल्यांनो, चाकणहून पहिली शिफ्ट संपवून थेट इथं आलेल्या कामगार भावांनो, आणि आमच्या अण्णांच्या मागं राहिलेल्या शालनवहिनी,

आपलं सगळ्यांचं एक जुनं दुखणं आहे. गाडी नीट चालली, तर नाव तिच्या बिल्ल्यावर असलेल्या कंपनीचं. गाडी बिघडली, तर नाव ज्याच्या नखांत ग्रीस आहे त्याचं. आयुष्यभर आपण हे ऐकून घेतलं. आज ते अशा माणसाच्या दारात आलंय, जो आता उत्तर द्यायला नाही.

मी भाषणं पुष्कळ केली. गेटवर केली, भर उन्हात केली, पोलिसांच्या गाडीत बसूनही केली. आज शब्द जड झालेत. मंगळवारपासून नीट झोप नाही. चुकलो तर सांभाळून घ्या.

दत्ताअण्णा मंगळवारी सकाळी गेले. शटर उघडलं, उदबत्ती लावली, खुर्चीत बसले, ते बसलेच. पाना हातात घ्यायच्या आधी गेले. त्यांना ते आवडलं नसतं.

मला कंपनीतून काढलं, तेव्हा मला कुणी उभं करत नव्हतं. पुढारी माणूस, कोण ठेवणार? अण्णांनी ठेवलं. पहिल्याच दिवशी गंजलेल्या नटापुढं मी कामगार चळवळीवर काहीतरी बोलत होतो. अण्णा म्हणाले, "पुढारी, भाषणानं नट सुटत न्हाई. पाना घ्या."

त्यांचा एक रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. इंजिनचं काम झालं की गाडीखाली कोरा पुठ्ठा. गाडी चालवायची, थंड होऊ द्यायची, मग पुठ्ठा काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. डाग नसेल तर चावी. डाग असेल तर चहा, आणि पुन्हा उघडायचं. "मी खोटं बोलंन, पुठ्ठा बोलायचा न्हाई," असं म्हणायचे.

आता ज्या जीपबद्दल गावभर बोललं जातंय, तिच्याविषयी सांगतो. तिचे मालक इथं तिसऱ्या रांगेत बसलेत. साहेब, आलात, आभारी आहे. बसून राहा.

या साहेबांना डोंगरचढाईच्या स्पर्धेत उतरायचं होतं. जीपला सहा सिलेंडरचं, व्ही आकाराचं इंजिन. त्यात झडपा जास्त उघडणारा नवा कॅमशाफ्ट घालायचा होता. त्यासाठी सिलेंडरच्या दोन रांगांच्या मधे बसलेला, हवा आत नेणारा इनटेक मॅनिफोल्ड उचलावा लागतो. कॅमशाफ्ट अण्णांनी बसवला. केसाचाही फरक नाही. मॅनिफोल्ड परत बसवायचं काम माझ्याकडं दिलं.

ते म्हणाले, "दोन्ही अंगं पुसा. फडकं पांढरं निघंपर्यंत पुसा. गॅस्केट ठेवा. सिलिकॉन फक्त चार कोपऱ्यांत, हरभऱ्याएवढं. बोल्ट मधून बाहेर आवळत या. मग हात लावू नका."

एवढं सांगून ते एका लग्नाला गेले. साहेबांचे फोन सुरू झाले. स्पर्धा उद्यावर आलीय, गाडी कधी देता? मी पुसलं, पण फडकं पांढरं निघालं नव्हतं. तेलकट अंगावर फट बुजवणारं ते सिलिकॉन धरत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून जास्त लावलं. चांगलं जाड लावलं. सुकायला वेळ दिला नाही. इंजिन चालवलं, पुठ्ठा काढला.

पुठ्ठ्यावर एक थेंब होता. मागच्या कोपऱ्याखाली. एकच.

मी पुठ्ठा उलटा केला. कोरी बाजू वर ठेवली. साहेब, तुम्ही पाहिलात तो तोच पुठ्ठा.

मित्रांनो, उभी हयात मी कुणाविरुद्ध ओरडलो? "आता पाठवा, पुढचं पुढं बघू," म्हणणाऱ्यांविरुद्ध. लाइन थांबवली म्हणून माणसाला घरी बसवणाऱ्यांविरुद्ध. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केलं? मीही पाठवली. मला तर कुणी घरी बसवणार नव्हतं. माझा मालक लग्नात जेवत होता.

चढावर तेल सायलेन्सरच्या तापल्या नळीवर पडलं, धूर झाला, जीप स्पर्धेतून बाहेर काढली. गेल्या शुक्रवारी ती ओढून आणली. साहेब चारचौघांत बोलले. त्यांचा राग खरा होता. अण्णांनी मला विचारलं, "पुसलं होतं ना?" मी म्हणालो, "हो अण्णा." त्यांनी साहेबांना सांगितलं, "माझ्या दारातून गेली ना? मग चूक माझी."

सोमवारी त्यांनी मॅनिफोल्ड उचलला. आत सिलिकॉनच्या शेवया. एक बोटानं उचलून बघितली. मग कोपऱ्यात पडलेला तो पुठ्ठा उचलला, पालथा केला. थेंब वाळून काळा झाला होता.

माझ्याकडं बघून म्हणाले, "हरभऱ्याएवढं म्हणलं होतं, पुढारी. तुम्ही तर शेत पेरलं." आणि हसले. पुठ्ठ्याबद्दल एक शब्द नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मंगळवारी सगळं कबूल करायचं ठरवून मी गेलो. शटरपाशी माणसं जमली होती.

आज सगळीकडं बोललं जातंय, की दत्ताअण्णाचा हात म्हातारा झाला होता, शेवटी इंजिन घालवलं. वहिनींच्या कानावरही ते गेलंय. वहिनी, हात म्हातारा नव्हता. हात त्यांचा नव्हताच. माझा होता. साहेब, तुमचा राग इकडं वळवा.

इंजिन शाबूत आहे, उघडं आहे, भोकांत फडकी कोंबून अण्णांनी ठेवलं तसंच आहे. उद्या शनिवारी मी ते पुसणार, फडकं पांढरं निघेपर्यंत. चार कोपरे, चार हरभरे. मग हात लावणार नाही.

आता अण्णांसाठी दोन मिनिटं उभे राहू. हार नको, घोषणा नको. नंतर एकच काम करा. परवा, रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांच्या शटरपाशी या. गाडी तुमच्यासमोर सुरू करू, थंड होईपर्यंत बसू, पुठ्ठा काढू. तो माझ्या हातून घेऊ नका. तुम्ही स्वतः उचला, आणि दोन्ही बाजू बघा.