कापलेला कर

करकचेरीतल्या बाकावर फुलवाली आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर फोटो स्टुडिओवाला आणि त्याची बायको कुजबुजत होते, पण ती कुजबुज अख्ख्या खोलीला ऐकू जात होती.

“अहो, इंटरनेटवरच्या कामाला कसला आलाय कर?”

“आहे गं. आपली वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीला पैसे देताना दहावा हिस्सा कर म्हणून कापायचा, असा नियमच आहे.”

“आणि तुम्ही कापला नाहीत?”

“कापला की! दर बिलाला, न चुकता.”

“मग नोटीस कशाला आली?”

“कंपनीनं तक्रार केली. कापलेला कर सरकारात जमाच झाला नाही म्हणे.”

“अगंबाई! मधल्यामध्ये खाल्ला कोणी?”

“खाल्ला कोणी नाही. करसल्लागार म्हणाला, कापा. मी कापला. पुढे तो आपणच भरायचा असतो, हे त्या शहाण्यानं सांगितलंच नाही. मला वाटलं, सरकार आपल्याला बिलात सूट देतंय.”

“अहो, म्हणजे लोकांच्या नावचा कर तुम्ही खिशात घातलात?”

“हळू बोल.”

“आता कसलं हळू! कुठायत ते पैसे?”

मागे नोटिशीच्या कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

“मी काय विचारतेय?”

“तुझ्या वाढदिवसाला ते कानातले केले ना...”

फुलवालीला राहवेना. तिनं मागे वळून पाहिलं. बाईचा एक कान रिकामा झाला होता, आणि दुसऱ्या कानाची फिरकी तिच्या बोटांना सापडत नव्हती.